चौदा आकडी तारीख कोडमध्ये घ्यायच्या आधी

दुसऱ्याच्या सिस्टिममधून २०२४०३३११८३००० असले सलग आकडे (साल, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद) येतात आणि ते स्क्रीनवर माणसाला वाचता येतील असे दाखवायचे असतात, ते काम ज्यांच्याकडे आलंय त्यांनी कोडला हात लावायच्या आधी एवढं करून ठेवा.

पहिलं म्हणजे डेटा पाठवणाऱ्याला विचारा ही वेळ कुठली, यूटीसी (जगभराची प्रमाणवेळ) की भारतातली, आणि उत्तर मेलवरच घ्या, फोनवरच्या "आपलीच वेळ आहे हो" वर जाऊ नका. मी गेले होते. बसच्या तिकिटांचं काम होतं, वर दिलेत तेच आकडे आले, आम्ही तिकिटावर ३१ मार्च संध्याकाळी ६:३० छापलं, आणि वेळ निघाली यूटीसी, म्हणजे त्यात साडेपाच तास मिळवायचे, म्हणजे बस रात्री बाराची आणि तारीख १ एप्रिल. एक आजी-आजोबा सहा वाजल्यापासून बॅगा घेऊन स्टॉपवर बसून होते, त्यांचा फोन आला तेव्हा आम्हाला कळलं. मला ते अजून लागतं. आकड्यांच्या शेवटी झेड असेल तर यूटीसी नक्की, कॅलेंडरच्या आयसीएस फाइलमध्ये असतं तसं, आठ आकडे, टी, सहा आकडे, झेड. झेड नसेल तर तिथे त्याच ओळीत टीझेडआयडी, म्हणजे टाइमझोनचं नाव, दिलाय का बघा. पण नुसते चौदा आकडे असतील तर कितीही बघत बसलात तरी त्यातून टाइमझोन कळत नाही, विचारावंच लागतं.

मग हे बघा की आकडे स्ट्रिंग (म्हणजे नुसता मजकूर) म्हणून येतायत की नंबर म्हणून, आणि नंबर असतील तर स्ट्रिंग करून मागा. वेळ तारखेपासून वेगळी येत असेल तर सकाळच्या साडेनऊचं ०९३००० नंबर झालं की ९३००० उरतं आणि तुकडे पाडताना सगळंच सरकतं. मिलिसेकंदासकट सतरा आकडे असतील तर जावास्क्रिप्टला तेवढा मोठा नंबर नीट धरताच येत नाही, शेवटी १२३ असेल तर गुपचूप १२४ होतं. मधे कोणी फाइल एक्सेलमध्ये उघडून परत सीएसव्ही सेव्ह केली असेल तर २.०२४०३ई+१३ असलं काहीतरी येईल, त्यातून वेळ परत मिळत नाही, मूळ फाइलच मागायची.

जावास्क्रिप्टमध्ये हे आकडे थेट न्यू डेटला देऊ नका. स्ट्रिंग दिली तर इनव्हॅलिड डेट, आणि नंबर दिला तर तो १९७० पासूनचे मिलिसेकंद समजतो, वरच्या आकड्यांचं चक्क २६११ साल होतं. त्यापेक्षा आधी बरोबर चौदा आकडे आहेत का तपासा, मग ४, २, २, २, २, २ असे तुकडे करून, वेळ यूटीसी असेल तर, डेट डॉट यूटीसीला द्या, आणि महिन्यातून १ वजा करायला विसरू नका कारण तिथे जानेवारी शून्य असतो, विसरलात तर ३१ मार्चचं ३१ एप्रिल होतं आणि एप्रिल तीसचाच, म्हणून थेट १ मे दिसतं. पीएचपीवाल्यांना सोपं आहे, क्रिएट फ्रॉम फॉरमॅट वापरा, फक्त मिनिटाला स्मॉल आय, तासाला कॅपिटल एच, आणि टाइमझोन तिसऱ्या जागी स्वतः द्या. नुसती तारीख वाचत असाल तर फॉरमॅटच्या सुरुवातीला उद्गारचिन्ह टाका, नाहीतर आत्ताची वेळ त्यात चिकटते.

टेस्टला २०२३०२२९ घ्याच, ही तारीख अस्तित्वातच नाही पण दोन्हीकडे बिनतक्रार १ मार्च मिळतो, म्हणून परत त्याच फॉरमॅटमध्ये छापून मूळ आकड्यांशी जुळवून बघा. आणि ३१ डिसेंबर, यूटीसी १८:३०, तिथे सालच बदलतं.

दाखवताना टाइमझोन एशिया/कोलकाता असा स्पष्ट लिहा, नाहीतर न्यू जर्सीत बसून आईचं तिकीट काढणाऱ्या मुलाला त्याच्या ब्राउझरची वेळ दिसेल. एमआर-आयएन लोकेल (भाषा मराठी, देश भारत) दिलं की देवनागरी आकडे येतात, छान दिसतात, पण ते फक्त दाखवायला, सर्व्हरला परत पाठवू नका. आणि रात्री बाराच्या बसला नुसतं "१ एप्रिल, १२:००" नका लिहू, आपल्याकडे लोक त्याला रविवारची रात्रच म्हणतात, म्हणून तिकिटावर "रविवार ३१ मार्चच्या रात्री १२ वाजता (१ एप्रिल सुरू होताना)" असं पूर्ण छापा, जागा लागली तर लागू दे.