जुन्या गाडीची पीयूसी कशी पास करायची, अन् विंटेज नोंदणी कोणी करायची

भाऊ, पहिले हे डोक्यातून काढून टाका की गाडी जुनी झाली म्हणून पीयूसी, म्हणजे धूर तपासल्याचं सर्टिफिकेट, माफ होते. आजोबांची राजदूत असो का वावरात उभी असलेली विलीज जीप, रोडवर आणली की पीयूसी लागतेच, नसली तं 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे. अन् 15 वर्षं झाली की गाडी भंगारात, हा सगळा वाद दिल्ली-एनसीआरचा, आपल्या यवतमाळ-वाशीमचा नाही. आपल्याकडं 15 वर्षांनंतर गाडी दाखवून, ग्रीन टॅक्स भरून आरसी 5-5 वर्षांसाठी रिन्यू होते.

सूट नाही पण जुन्या गाडीले धुराची मर्यादा सैल आहे. 31 मार्च 2000 पर्यंत बनलेल्या दुचाकीले सीओ (कार्बन मोनॉक्साइड) 4.5 टक्के अन् एचसी (न जळलेलं पेट्रोल) 9000 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 9000, चालते, म्हणजे चांगली ट्यून केलेली येझदी किंवा बुलेट आरामात पास होते, सेंटरवाल्याले हातापाया पडायची काही गरज नाही.

आता ट्यूनिंग. एअर फिल्टर साफ करा, प्लग काढून पाहा, काळा कुट्ट काजळी धरलेला असंन तं पेट्रोल जास्त जाऊन राह्यलं, विटकरी-तपकिरी असंन तं बरोबर आहे. चोक पूर्ण बंद होते का ते पाहा, केबल अडकलेली असते अन् आपण स्क्रू फिरवत बसतो. मग गाडी चांगली 5-7 किलोमीटर चालवून गरम करा अन् तेव्हाच आयडलचा, म्हणजे गाडी उभी असतानाचा, हवा-पेट्रोलचा मिक्स्चर स्क्रू सेट करा. इथं लोक गोंधळतात: स्क्रू कार्ब्युरेटरच्या फिल्टरकडच्या बाजूनं असला तं तो हवेचा, बाहेर काढला की सीओ कमी होते, इंजिनकडच्या बाजूनं असला तं पेट्रोलचा, तो आत घ्यावा लागते. पाव-पाव फेरा, जास्त नाही. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल अंदाजानं ओतू नका, मापानं टाका. अन् गाडी महिनोन् महिने उभी असंन तं टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका, आजकालच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलमध्ये पाणी धरते.

विंटेज नोंदणी ही वेगळी गोष्ट आहे, 2021 च्या नियमानं पहिल्या नोंदणीले 50 वर्षं झालेल्या दुचाकी-चारचाकीले मिळते, नव्या नोंदणीची फी 20,000, 10 वर्षं चालते, नंतर पुन्हा नोंदणीची फी 5,000. फॉर्म 20, इन्शुरन्स अन् जुनी आरसी लागते, आधीचा नंबर ठेवताही येते. पण मी सगळ्यांले हे करा म्हणणार नाही! विंटेज झाली की रोजची वापरता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रोडवर काढायची. बाजाराले, लग्नाले न्यायची असंन तं साधीच आरसी रिन्यू करा. शिवाय इंजिन, चेसिस, बॉडी मूळचीच पाहिजे, अन् आपल्याकडच्या बऱ्याच जीपांमध्ये कधीचंच डिझेल इंजिन बसवलेलं आहे, त्या यात बसत नाहीत.

अजून एक, सगळ्याच्या आधी करायचं काम. जुनी पुस्तकवाली आरसी असंन तं परिवहनच्या साइटवर गाडी दिसते का पाहा. दिसत नसंन तं आरटीओत बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुन्या गाडीची माहिती ऑनलाइन चढवणं, करून घ्या, मोबाइल नंबर जोडा, मगच पीयूसीले जा, कारण सर्टिफिकेट आता ऑनलाइनच निघते. बीएस-4 (धुराचे सरकारी निकष) च्या आधीच्या गाडीची पीयूसी 6 महिनेच चालते, म्हणून पोळ्याले काढली तं होळीच्या आधी पुन्हा काढा.