अपुऱ्या दिवसांच्या बाळाची डोळे-तपासणी: सव्वा महिना संपण्याची वाट पाहू नका

आपल्या कोकणात बाळंतीण माहेरी असते आणि सव्वा महिना होईपर्यंत तिने व बाळाने उंबरठा ओलांडायचा नाही, असे घरचे सांगतात. परंतु बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल, तर त्याच्या डोळ्यांची पहिली तपासणी याच काळात करावी लागते. चौतीस आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा जन्मतः 2000 ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या प्रत्येक बाळाचा दृष्टिपटल (डोळ्याच्या आतला पडदा) जन्मापासून 30 दिवसांच्या आत तपासावा. अठ्ठावीस आठवड्यांपूर्वीचे किंवा 1200 ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे असल्यास दुसऱ्या ते तिसऱ्या आठवड्यातच. चौतीस आठवड्यांहून थोडे उशिरा जन्मलेले, पण बराच काळ ऑक्सिजनवर राहिलेले किंवा जंतुसंसर्ग झालेले बाळही दाखवावे.

दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्यांची वाढ पोटात पूर्ण होण्याआधीच बाळ बाहेर आले, तर त्या वेड्यावाकड्या वाढू शकतात आणि पुढे पडदा ओढला जाऊन सुटू शकतो. यालाच डॉक्टर आरओपी (रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी) म्हणतात. बाहेरून डोळा अगदी स्वच्छ दिसतो, बाळ दिव्याकडे पाहतेही, म्हणून ‘काही दोष दिसत नाही ना, मग कशाला न्यायचे’ हा आजीचा प्रश्न प्रेमाचा असला, तरी तो ऐकू नये.

घरी सोडतानाच डिस्चार्ज कार्डावर तपासणीची तारीख व ठिकाण लिहून घ्यावे. जिल्हा रुग्णालयात नेत्रतज्ज्ञ कोणत्या वारी येतात, हे तेथील नवजात शिशु विभागात विचारावे. ती सोय नसेल आणि घाट उतरून-चढून कोल्हापूरला किंवा मुंबईला जावे लागणार असेल, तर गाडीची व्यवस्था आधीच करावी, कारण आषाढ-श्रावणात दरड कोसळून रस्ता बंद होतो.

तपासणीच्या सुमारे तासभर आधी बाळाला पाजून घ्यावे. तपासणीच्या अगदी आधी पाजल्यास ते ओकू शकते. बाहुली मोठी करणारे थेंब दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने घालतात, बाळाला कापडात घट्ट गुंडाळतात आणि पापण्या बारीक तारेच्या चिमट्याने उघड्या ठेवतात. बाळ रडते, आईला ते पाहवत नसेल तर तिने बाहेर थांबावे. नंतर डोळा थोडा लाल दिसला, तरी काजळ किंवा दुधाचे थेंब घालू नयेत.

एकदा ‘ठीक आहे’ ऐकून थांबू नये: रक्तवाहिन्यांची वाढ पूर्ण झाल्याचे डॉक्टर सांगेपर्यंत एक-दोन आठवड्यांनी बोलावतात, आणि उपचार सांगितलाच, तर लेसर किंवा डोळ्यातील इंजेक्शन दोन-तीन दिवसांच्या आत व्हावे लागते.