जुन्या बोटीची गळती शोधायची सोपी आयडिया

उन्हाळ्यात उजनीचं पाणी आटून मागं सरकतं, वर आलेल्या दगडांवर आमची जुनी फायबरची शिडाची बोट घासते आणि मग दर रविवारी एक जण शीड धरतो अन् एक जण डब्यानं पाणी उपसत बसतो, पण भोक कुठंय ते काय केल्या दिसत नाही.

तर असं करा.

1. बोट काठावर घेऊन दोन-तीन जुन्या टायरवर ठेवा, म्हणजे खाली वाकून बघता येतं. बुड बाहेरून पुसून पूर्ण कोरडं करा.

2. बाहेरून खडूची भुकटी चोळा. आमची बोट निळी, त्यामुळं पांढरी भुकटी मस्त उठून दिसते (घरातली रांगोळी नेली होती, ती जाडी असते, टिकत नाही, वर आईच्या शिव्या).

3. आता पाणी बोटीच्या आत ओता, चार बोटं उंचीएवढंच, आणि चहा पिऊन या. जिथं गळतंय तिथं भुकटी ओली होऊन गडद ठिपका उठतो, आमचा तर टाचणीच्या टोकाएवढा होता बे!

4. लगेच पेन्सिलनं गोल करा, पाणी काढा, दिवसभर वाळवा, मग पॉलिश पेपर मारून एपॉक्सी पुट्टी भरा. पुट्टीचं काम दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या आत उरका, आपल्या सोलापूरच्या उन्हात पुट्टी हातातच कडक होते.

फक्त बोट काठोकाठ भरू नका, वीस लिटरच्या दहा बादल्या म्हणजे 200 किलो वजन, जुनं बुड टायरवरच तडकायचं.