ब्लँकमध्ये सापडलेली मी

रोज सकाळी ठाण्याहून पनवेल लोकल पकडते, रबाळ्याला उतरते. एमआयडीसीतल्या एका खासगी लॅबमध्ये डीएनए प्रोफाइलिंग, म्हणजे डीएनएवरून माणूस ओळखायचं काम करते. बायोटेकवाली पोरं विचारतात, ‘ताई, भारी काम असेल ना?’ आहेच. पण पहिले काही महिने मी पिपेट धरायला, ट्यूबवर लेबल लावायला आणि तोंड बंद ठेवायला शिकले. तिसरं सगळ्यात अवघड गेलं.

कुठल्याही दोन माणसांचा डीएनए जवळपास ९९.९ टक्के सारखाच. आम्ही अख्खा डीएनए वाचत नाही, एसटीआर नावाच्या ठरावीक जागा तेवढ्या बघतो. तिथे अक्षरांचा एक छोटा तुकडा लागोपाठ येतो. लोकलचं बघा ना, डबे तेच, पण कुठली गाडी बारा डब्यांची, कुठली पंधरा. टीएच०१ या जागी एएटीजी हा तुकडा कुणाकडे सहा वेळा असतो, कुणाकडे नऊ. मला आवडतो तो ९.३ : नऊ तुकडे पूर्ण आणि एकाची तीनच अक्षरं! प्रत्येक जागी दोन आकडे, एक आईकडून आलेला, एक बाबांकडून.

एका जागेवर तुमचं अख्ख्या सोसायटीत कुणाशी ना कुणाशी जुळेल. म्हणून जागा वाढवायच्या. अमेरिकेच्या कोडिसमध्ये, म्हणजे गुन्हे तपासासाठीच्या डीएनए नोंदींच्या साठ्यात, आधी १३ होत्या, २०१७ पासून २० आहेत. प्रत्येक जागेच्या शक्यतेचा गुणाकार करत गेलं की योगायोगाला वाव उरत नाही. बारावीनंतर ‘सुटलो’ म्हणून सोडलेली संभाव्यता इथे पुन्हा गाठते, तेव्हा पुस्तक रद्दीत देऊ नका. एकरूप जुळ्यांपुढे मात्र हा गुणाकारही हात टेकतो.

स्वॅबमधून डीएनए काढला की पीसीआर, म्हणजे त्याच्या प्रती काढणं. दर फेरीला प्रती दुप्पट, म्हणजे २८ फेऱ्यांत एकाचे कागदावर तरी २६ कोटींहून जास्त. मग बारीक नळीतून ते तुकडे धावतात, आखूड आधी पोचतात आणि स्क्रीनवर शिखरं उमटतात.

दुप्पट होण्याची हीच ताकद अंगलट येते. दर बॅचमध्ये एक ब्लँक असतो, त्यात नमुना नसतोच. त्याचा ग्राफ सपाट हवा. माझ्या एका ब्लँकमध्ये शिखरं होती. टीएच०१ ला ६ आणि ९, लिंगाच्या जागी फक्त एक्स, म्हणजे बाईचा. मी म्हटलं, मशीनचा घोळ. मॅडमनी काही न बोलता स्टाफच्या प्रोफाइलची फाइल उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. माझी ओळ. आदल्या दिवशी ट्यूब उघडी असताना, मास्क हनुवटीवर ओढून मी लोकलच्या गर्दीची कहाणी सांगत होते! अख्खी बॅच पुन्हा लावली. एका नमुन्याचा स्वॅब तर जेमतेम उरला होता.

जर्मनीत पोलिस कित्येक वर्षं एका बाईचा माग काढत होते, तिचा डीएनए डझनावारी गुन्ह्यांत सापडत होता. २००९ मध्ये कळलं, दोष कापसाच्या स्वॅबमध्येच होता, तो डीएनए ते बनवण्याच्या कामातल्या बाईचा होता. त्या आठवड्यात मी ही गोष्ट तीनदा वाचली, बरं वाटावं म्हणून.

मुलाखतीला गेलात तर तुम्हीही एक प्रश्न विचारा : ‘ब्लँकमध्ये काही दिसलं तर तुमच्याकडे काय करतात?’ ‘आमच्याकडे दिसतच नाही’ असं उत्तर आलं, तर चहा पिऊन सरळ स्टेशन गाठा.