अर्धशिशीची नोंद कशी ठेवावी?

‘पित्तामुळे डोकं चढलंय’ म्हणत वर्षानुवर्षं अंगावर काढणारी माणसं, विशेषतः बायका, घरोघरी आहेत. उलटी झाली की बरं वाटतं, म्हणून दोष पित्ताला. पण मळमळ, उलटी, उजेड-आवाज नकोसा होणं ही अर्धशिशीचीच, म्हणजे मायग्रेनची लक्षणं असू शकतात. मायग्रेन दाखवणारी रक्ततपासणी नाही, एमआरआयही बहुधा नॉर्मलच येतो. निदान होतं ते तुमच्या हकिगतीवरून. ती नीट सांगता यावी म्हणून ही नोंद.

आधी एक सांगते. डोकेदुखी क्षणात असह्य झाली, तापासोबत मान ताठली, बोलणं अडखळलं, हातपाय लुळे पडले किंवा डोक्याला मार लागल्यावर दुखू लागलं, तर नोंदी करत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच अशी डोकेदुखी सुरू झाली असेल, तरी लवकर दाखवा.

एरवी भिंतीवरचं कालनिर्णय पुरे. दुधाचा खाडा मांडतो तिथेच डोकेदुखीही मांडा. ‘डोकं दुखलं’ एवढ्यावर मात्र थांबू नका. नोंद अशी हवी: ‘दु. ३ ते रात्री ११. डावं कानशील ठणकत होतं. जिना चढताना वाढलं. एक उलटी. पडदे ओढून पडून राहिले. गोळी ४ वाजता, फरक नाही.’ दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी, चमकत्या रेषा आल्या असतील तर त्याही लिहा. जागा पुरली नाही तर वही घ्या.

गोळीचं नाव आणि वेळ कधीच चुकवू नका. मेडिकलमधून परस्पर आणलेलीही लिहा, लाजू नका. साधी वेदनाशामकं महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, ट्रिप्टान (खास मायग्रेनवरच्या गोळ्या) किंवा मिश्र गोळ्या (एकाच गोळीत एकाहून जास्त औषधं) १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं, तर त्या गोळ्यांमुळेच डोकेदुखी वाढू शकते. हे पेशंटच्या लक्षात येत नाही, कारण प्रत्येक गोळी त्या दिवसापुरती उपयोगीच वाटते. गोळ्यांचे दिवस मोजले की चित्र लख्ख दिसतं.

कारणं शोधताना जेवणाच्या वेळा, झोप, पाळी, ऊन, प्रवास टिपा. संकष्टीचा उपास आणि रात्री उशिरा चंद्रोदय, हे तर कालनिर्णयात छापलेलंच असतं. पण एकदा जुळलं म्हणून लगेच कारण ठरवू नका. चॉकलेटला दोष देण्याआधी हेही पाहा की, गोड खावंसं वाटणं, जांभया येणं ही कधीकधी येऊ घातलेल्या झटक्याची पहिली चाहूल असते.

साधारण आठ आठवड्यांनी एका कागदावर दर महिन्याचे तीन आकडे काढा: डोकं दुखल्याचे दिवस, काम बंद पडल्याचे दिवस, गोळी घेतल्याचे दिवस. खाली बीपी, दमा, गरोदरपण, चालू औषधं लिहा. कोणती गोळी चालेल हे त्यावरही ठरतं. हा कागद फॅमिली डॉक्टरांच्या हातात द्या. ‘पित्त असेल’ म्हणून विषय मिटला, तर न्यूरॉलॉजिस्टकडे चिठ्ठी मागा. त्यात उद्धटपणा नाही.

झटके येऊ नयेत म्हणून रोजचं औषध सुरू झालं, तर नोंद चालूच ठेवा. त्याचा अंदाज यायला दोन-तीन महिने लागतात. आठवड्यात गुण नाही म्हणून मनानेच बंद करू नका. डोकेदुखीचे दिवस निम्म्यावर आले, तर औषध लागू पडलं असं डॉक्टर सहसा मानतात. नाही आले, तर तेच पान घेऊन पुन्हा जा.