वजनाचं ऑपरेशन झालं, आता पुढचे सहा महिने कसे काढायचे

ऑपरेशन काय, तास-दोन तासांत उरकतं, खरी गंमत घरी आल्यावर सुरू होते. माझी स्लीव्ह सर्जरी (पोटाचा मोठा भाग काढून अरुंद नळीसारखं पोट ठेवतात ती) होऊन दीड वर्ष होत आलं आणि तेव्हापासून ओळखीतल्या बायका (आणि दोन पुरुष, हळूच) एकच विचारतात की नंतर काय गं, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते. मी डॉक्टर नाही. तुमच्या सर्जनने दिलेल्या कागदात आणि माझ्या सांगण्यात फरक दिसला तर कागद खरा.

सगळ्यात आधी भांडी बदला. मी मुलाच्या उष्टावणाची चांदीची वाटी आणि चमचा कपाटातून काढला, नऊ वर्षं तसाच पडून होता, आणि पहिले तीन महिने त्यातच जेवले. हसू नका, त्या चमच्यात जेवढं मावतं तेवढाच घास आता आपला. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर ते छोटं झाकण असतं ना, १०-१५ मिलीचं, सुरुवातीला पाणीसुद्धा त्यानेच प्यायचे. तांब्या तोंडाला लावून घटाघटा पिणं विसरा. पण दिवसभरात दीड ते दोन लिटर तर जायला पाहिजे, मग काय, सतत घोट घोट. जेवताना पाणी नाही आणि जेवल्यावर अर्धा तास नाही, हा नियम मला सगळ्यात जड गेला, कारण आमच्याकडे ताटाशेजारी फुलपात्र नसेल तर पान वाढलंय असंच वाटत नाही.

खाण्याचा क्रम बहुतेक ठिकाणी असा असतो: साधारण दोन आठवडे पातळ, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, आणि सहा-आठ आठवड्यांनी हळूहळू नेहमीचं. यात घरच्यांचा एक मोठा गैरसमज असतो तो म्हणजे डाळीचं पाणी. सासूबाई रोज प्रेमाने मुगाच्या डाळीवरचं पाणी काढून द्यायच्या, ताकद येते म्हणून, आणि त्यात प्रोटीन जवळजवळ नसतंच, ते सगळं खाली डाळीत. आपल्याला दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन लागतं आणि पोटात जागा वाटीभर, म्हणून पहिला घास कायम प्रोटीनचा. एका अंड्यात ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८, शिवाय घट्ट वरण, चक्का, चालत असेल तर चिकन किंवा मासे. पहिल्या काही महिन्यांत प्रोटीन पावडरशिवाय आकडा गाठणं अवघडच आहे, त्यात लाज कसली. भात-पोळी शेवटी, जागा उरली तर. उरत नाही.

आता मुख्य मुद्दा. पोट भरल्याची जुनी खूण आता चालत नाही. आधी पोट तटतटलं की कळायचं, आता ती पायरी आली म्हणजे उशीर झालेला असतो. नवीन पोटाची खूण अगदी बारीक असते आणि प्रत्येकाची वेगळी. मला एक उचकी येते, एकच. माझ्याबरोबर ऑपरेशन झालेल्या बाईचं नाक गळायला लागतं, कुणाला शिंक येते, कुणाला छातीच्या मध्यावर दाबल्यासारखं होतं. ती खूण शोधा आणि ती आली की हातातला घाससुद्धा खाली ठेवा. ताटात टाकू नये वगैरे संस्कार आहेत आपल्यावर, मान्य, पण मग वाढतानाच कमी वाढून घ्या.

मी ते ऐकलं नाही तेव्हा काय झालं ते सांगते. तिसऱ्या महिन्यात चुलत भाऊ आले होते, रविवार सकाळ, आणि नाशकात रविवारी सकाळी पाहुणे म्हणजे मिसळ, गंगापूर रोडच्या बाजूला गेलो सगळे. मी शहाण्यासारखी नुसती मटकी आणि दही घेतलं, चार चमचे खाल्ले, उचकी आली. पण समोर पाव ताजा, गरम, म्हटलं एवढासा तुकडा काय करतोय. रश्श्यात बुडवला आणि नीट न चावता गिळला. दोन मिनिटांत छातीत दगड बसल्यासारखं, तोंडाला पाणी सुटलं, नुसता फेस, आणि मी पार्किंगमध्ये एका झाडाला धरून उभी, भाऊ घाबरून पाण्याची बाटली पुढे करतोय, जी त्या क्षणी अजिबात नको असते. वीस मिनिटांनी तो तुकडा वर आला. पाव, मऊ भात, ताजी पोळी यांचा आत चिकट गोळा होतो, त्यामानाने कडक भाजलेली भाकरी मला बरी जाते. मिसळ बंद नाही केली मी. मटकी, दही, कांदा-लिंबू, तर्री नाही, फरसाण चिमूटभर, आणि पाव टेबलावर ठेवायलाच सांगत नाही.

बायपास (हृदयाची नाही, वजनासाठीची, ज्यात पोट लहान करून थेट पुढच्या आतड्याला जोडतात) झालेल्यांना गोडाचा वेगळा त्रास असतो, डंपिंग म्हणतात त्याला, जिलेबी किंवा उसाचा रस पोटात गेला की दहा-तीस मिनिटांत घाम, धडधड, पोटात मुरडा, जुलाब. काहींना दोन-तीन तासांनी साखर घसरून थरथर होते. स्लीव्हवाल्यांनाही होऊ शकतं. उपवासाचंही तेच, साबुदाणा खिचडी म्हणजे नुसता स्टार्च आणि तूप, आणि निर्जळी तर पहिल्या वर्षात नकोच.

आग्रहाचं काय करायचं? आपल्याकडे ‘पुरे’ म्हटलं की अजून एक वाढतात. ‘पोट भरलं’ ऐकलं तर ‘चिमणीएवढं तरी खा गं’. ‘डॉक्टरांनी बंद केलंय’ हे एकच वाक्य चालतं, का बंद केलंय ते सांगायची गरज नाही. ऑपरेशनचं कुणाला सांगायचं हे तुमचं तुम्ही ठरवा. मी ऑफिसमध्ये एकीलाच सांगितलं, डबा दहा मिनिटांत संपवून सगळे उठतात आणि मी अर्धा तास बसून चावत असते, तिथे सोबत लागतेच.

गोळ्या आयुष्यभर आहेत, हे आधीच पचवा. मल्टीव्हिटॅमिन, बी१२, डी३, लोह, कॅल्शियम. कॅल्शियम सायट्रेट आहे का बघा, पोटातलं आम्ल कमी झाल्यावर कार्बोनेट नीट शोषलं जात नाही. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर, आणि लोहावर चहा नाही. मी मोबाईलवर तीन अलार्म लावलेत. रक्ताच्या तपासण्या तीन, सहा, बारा महिन्यांनी आणि मग दरवर्षी, बरं वाटतंय म्हणून टाळू नका, बी१२ कमी होताना सुरुवातीला काही कळत नाही. बीपी-शुगरच्या गोळ्यांचा जुना डोस वजन उतरेल तसा जास्त पडायला लागतो, मला दुसऱ्या महिन्यात उठलं की गरगरायचं, बीपीचा डोस डॉक्टरांनी निम्मा केल्यावर थांबलं. स्वतःहून बंद करू नका, फोन करा. अंगदुखीला घरच्या डब्यातली आयबुप्रोफेन-डायक्लोफिनॅक घेऊ नका, अल्सर होतो, बायपासवाल्यांना तर जास्तच.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतील. मूठभर. मी बाथरूमच्या जाळीतला पुंजका बघून रडले होते. ते ऑपरेशनचा ताण आणि भराभर उतरलेल्या वजनामुळे असतं, प्रोटीन-लोह नीट असेल तर सहसा काही महिन्यांत परत येतात. वजनही मध्येच अडतं, बऱ्याच जणांचं तर तिसऱ्याच आठवड्यात, म्हणून काट्यावर आठवड्यातून एकदाच चढा.

चालणं पहिल्या दिवसापासून, पण जड उचलणं महिना-दीड महिना बंद, गॅस सिलेंडर, पाण्याची बादली, मूल, सगळं. मी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर जायचे, सुरुवातीला एक फेरी आणि बाक. थंडी मात्र नवीन वाजते! निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या मी आधी पंख्याखाली बसून वाचायचे, यंदा स्वेटर, मोजे, शाल सगळं.

बायकांसाठी एक महत्त्वाचं. वजन उतरलं की पाळी नियमित होते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते, पण बारा ते अठरा महिने गरोदरपण टाळायला सांगतात. बायपासनंतर तोंडी गोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही, डॉक्टरांशी मोकळं बोला. आणि वाईनच्या गावात राहतो म्हणून, दारू आता पटकन आणि जास्त चढते. सर्जन हो म्हणेपर्यंत नाही, आणि नंतरही एका ग्लासनंतर गाडी नाही.

या गोष्टींना मात्र थांबू नका, लगेच हॉस्पिटल: ताप, पोटात किंवा डाव्या खांद्यात वाढतं दुखणं, बसल्या जागी नाडी १२० च्या वर, दम लागणं, एका पोटरीला सूज, काळी शी, दिवसभर पाणीसुद्धा न टिकणं. उलट्या चालूच राहिल्या आणि हातपाय मुंग्यायला लागले किंवा दोन-दोन दिसायला लागलं तर बी१ कमी पडलेलं असू शकतं, त्यात एक दिवसही घालवू नका.

कपड्यांवर एवढ्यात पैसे घालू नका. मी चौथ्या महिन्यात हौसेने सहा ब्लाउज शिवले, सातव्यात सहाही ढगळ. टेलरकाकांना सांगा की आत शिलाई मारून द्या, कापू नका. अंगठी सराफ बाजारात लगेच लहान करायला देऊ नका, मागून दोरा गुंडाळा. मी माझी शेवटी वर्षाने दिली, तोवर दोरा तीनदा बदलून झाला होता.