खऱ्या गुन्ह्यावरून रहस्यकथा लिहिताना

खऱ्या गुन्ह्याच्या आधाराने रहस्यकथा लिहायची असेल, तर वर्तमानपत्राचे कात्रण बाजूला ठेवून आधी त्या खटल्याचे निकालपत्र मिळवावे. बातमीत घटना आणि तिची भीषणता एवढेच असते. किल्ली कोणाकडे असायची, पंचनाम्यात नोंदलेली वस्तू मुद्देमालात का आली नाही, उलटतपासणीत कोणता साक्षीदार कुठे अडखळला, हे सारे निकालपत्रात सापडते आणि रहस्यकथेला तेच लागते. वाचताना प्रत्येक टिपणापुढे एक प्रश्न लिहीत जावे: हे कोणाला ठाऊक होते, आणि तो गप्प का राहिला? माझ्या मते खऱ्या गुन्ह्याकडून घेण्याजोगे सर्वांत मोलाचे असे या प्रश्नाच्या उत्तरातच असते. क्रौर्याचा तपशील कल्पनेनेही रचता येतो, पण गप्प राहण्याची खरी कारणे सहसा सुचत नाहीत.

1 मार्च 1932 रोजी अमेरिकेतील प्रसिद्ध वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांच्या 20 महिन्यांच्या मुलाचे राहत्या घरातून अपहरण झाले. 50,000 डॉलर खंडणी देऊनही मूल परत आले नाही आणि 12 मे रोजी त्याचा मृतदेह सापडला. आजोळच्या घरी काम करणाऱ्या एका मोलकरणीने, चौकशीचा ससेमिरा असह्य होऊन, आत्महत्या केली. तिचा गुन्ह्याशी संबंध नव्हता. अगाथा ख्रिस्ती यांनी ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस’ (1934) या कादंबरीत हे प्रकरण कसे वापरले, ते बारकाईने पाहावे. त्यांनी मुलाच्या जागी मुलगी आणली, आडनाव बदलले आणि अपहरण कथेच्या आरंभापूर्वीच घडून गेलेले ठेवले. बालकाचे हाल त्यांनी कुठेही रंगवले नाहीत, मात्र निष्कारण संशय येऊन जीव दिलेल्या तरुण सेविकेला जागा दिली, आणि एका मृत्यूमागून किती आयुष्ये उद्ध्वस्त झाली याभोवती कथा रचली.

एडगर ॲलन पो यांना मात्र घाई नडली. 1841 मध्ये न्यूयॉर्कमधील तंबाखूच्या दुकानात काम केलेल्या एका तरुणीचा मृतदेह हडसन नदीत सापडला. तपास चालू असतानाच पो यांनी ते प्रकरण पॅरिसमध्ये नेऊन कथा लिहिली आणि आपला गुप्तहेर खऱ्या गूढाचीही दिशा दाखवील असा दावा केला. कथेचे हप्ते छापले जात असताना नवी माहिती पुढे आली, शेवटचा हप्ता 1843 पर्यंत लांबला आणि पुढे पुस्तकात घेताना मजकुरात फेरफार करावे लागले. निकाल लागलेला नसेल तर त्या प्रकरणातील केवळ परिस्थिती उचलावी आणि उकल पूर्णपणे स्वतःची रचावी. जिवंत संशयिताला कथेत खुनी ठरवणे हा अन्याय तर आहेच, शिवाय बदनामीच्या दाव्याला निमंत्रणही आहे.

नावे बदलली की भागते, हा समज मलाही होता. माझ्या एका कथेत मी नाव, वय आणि व्यवसाय बदलला, पण मृत माणूस घरातले घड्याळ दहा मिनिटे पुढे ठेवत असे, हा खरा तपशील मोह न आवरल्याने तसाच राहू दिला. त्याच्या नात्यातील एका व्यक्तीने तेवढ्यावरून त्याला ओळखले. तो तपशील काढला, तेव्हा वेळेचे सारे कोडेच कोसळले आणि उत्तरार्ध नव्याने लिहावा लागला. म्हणून मृताची सवय, लकब, अखेरचे शब्द कथेत घेऊ नयेत. दोन-तीन प्रकरणांतील परिस्थिती एकत्र करून त्यात आपले पात्र घडवावे.

क्रौर्य दाखवणे भागच असेल, तर ते ऐकणाऱ्याच्या किंवा पाहणाऱ्याच्या बाजूने दाखवावे. ‘त्याने मुलाला पट्ट्याने बेदम मारले’ या वाक्यानंतर वाचकाला करण्यासारखे काही उरत नाही. त्याऐवजी असे लिहून पाहावे: ‘भिंतीपलीकडून तिसऱ्यांदा आवाज आला, तेव्हा तिने नळ मोठा सोडला आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला घेतली.’ इथे मारहाण आहे, शेजारणीची भीती आहे, आणि शिवाय एक दुवाही आहे, कारण कोरड्या भांड्यांच्या जागी ओली भांडी का होती, हे तपास अधिकाऱ्याला पुढे विचारता येते.

शरीराच्या बाबतीत मात्र मोघमपणा चालत नाही. मरणोत्तर ताठरता साधारणपणे पापण्या, जबडा आणि मान येथे आधी जाणवते, सुमारे 12 तासांत सर्वांगात पसरते आणि पुढे ओसरते. थंडीत हा क्रम मंदावतो, उष्णतेत वेग घेतो. त्यामुळे मृत्यूची वेळ मिनिटांत सांगणारा कथेतला डॉक्टर जाणकार वाचकाला हसवतो. डोक्यावर घाव बसून तासभर बेशुद्ध राहिलेला माणूस उठून पाठलाग करू लागला, तर तोही तसाच.

लेखन पूर्ण झाल्यावर मृताच्या बहिणीच्या किंवा मुलाच्या जागी बसून हस्तलिखित एकदा वाचावे, आणि जिथे वाचणे थांबवावेसे वाटेल तिथे समासात खूण करावी. अशा खुणेजवळचे वाक्य काढूनही गूढ उलगडत असेल, तर ते काढून टाकावे.